लिहिणाऱ्याने कॅमेरा उचलायचा ठरवला तर: प्रवासी फोटोपत्रकारितेत शिरायचा रस्ता

फ्रीलान्स लेखन करणाऱ्या कुणीही फोटो काढायचं मनावर घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कॅमेरा कुठला घेऊ? खरंतर हा प्रश्न यादीत बराच खाली यायला पाहिजे. कारण कॅमेरा चालवायला दोन-तीन महिन्यांत येतो, पण विषय शोधणं, अनोळखी माणसाशी बोलणं, नाव-गाव नीट टिपून घेणं, एडिटरला मेल लिहिणं, या ज्या गोष्टींना फोटोग्राफरची वर्षं जातात त्या तुम्हाला आधीपासून येतायत. म्हणजे अर्धी लढाई झालेली आहे, फक्त ती अर्धी कोणती हे ओळखायचं.

पण लिहिणाऱ्याची एक सवय इथे आड येते. लेखात मागाहून भरता येतं. काल पहाटे काय झालं हे तुम्ही आज चार जणांना विचारून लिहू शकता आणि छान लिहिलंत तर वाचणाऱ्याला कळतही नाही की तुम्ही तेव्हा लॉजवर झोपला होतात. फोटोला ही सवलत नाही. पहाटे तीनला घडलं तर पहाटे तीनलाच तिथे असायला लागतं. पुढचं जे काही सांगतोय ते सगळं या एका अडचणीभोवती फिरतं, त्यामुळे हे डोक्यात असू द्या.

उदाहरण म्हणून वारीच धरतो, सगळ्यांना माहीत आहे आणि वाट, मुक्काम, वेळा सगळं आधीच ठरलेलं असतं, शिकायला याहून सोयीचा विषय महाराष्ट्रात नाही.

विषय बारीक करा

"वारीवर फोटोस्टोरी" हा विषय नाही. दिवे घाटात वरून काढलेला माणसांचा पूर, रिंगणातला अश्व, डोक्यावर तुळस घेतलेली आजी, हे फोटो दरवर्षी प्रत्येक पेपरच्या स्टाफ फोटोग्राफरकडे असतात आणि ते तुमच्यापेक्षा चांगले असतात, कारण त्यांना चांगल्या जागा माहीत आहेत आणि लांबच्या लेन्सा ऑफिसने दिल्यात. तिथे स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

लिहिणारा म्हणून तुम्ही काय करू शकता, तर प्रश्न विचारू शकता. एवढी माणसं रोज जेवतात कुठे? दिंडीचा ट्रक पुढच्या मुक्कामाला आधी जाऊन तंबू ठोकतो, ती तंबू ठोकणारी पोरं कोण, ती चालत नाहीत मग त्यांची वारी होते का? पालखी पुढे गेल्यावर मागे उरलेला कचरा कोण उचलतं? यातल्या प्रत्येक प्रश्नात दहा-बारा फोटो आहेत आणि त्यातले बरेच कुणी काढलेले नाहीत. सुधारक ओलवे यांचं मुंबईतल्या सफाई कामगारांवरचं काम बघा, ज्या शहराचे रोज हजारो फोटो निघतात त्याच शहरात एक अख्खी दुनिया समोर असून कुणी बघत नव्हतं, त्यांनी ती वर्षानुवर्षं मागे लागून टिपली (2016 ला त्यांना पद्मश्री मिळाली). पत्रकार पी. साईनाथ यांनी 2014 च्या डिसेंबरमध्ये सुरू केलेली पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) ही ग्रामीण भारतावरची साईट मराठीतही आहे, तिथल्या स्टोऱ्या नुसत्या वाचू नका, फोटो कोणत्या क्रमाने लावलेत आणि खाली काय लिहिलंय ते बघा. आणि होमाई व्यारावाला, भारताच्या पहिल्या महिला फोटोपत्रकार, त्यांचे जुने फोटो शोधून बघाच, सरळसाध्या फ्रेममध्ये किती माहिती मावते ते कळतं.

समजा आपण विषय घेतला, दिंडीचा स्वयंपाक.

आधी माणसं गाठा

आळंदीहून पालखी निघाल्यावर मग बघू म्हणालात तर संपलं. मे महिन्यातच एखाद्या दिंडीप्रमुखांना फोन करायचा, जमलं तर त्यांच्या गावी जाऊन भेटायचं. दिंड्यांना नंबर असतात, रथापुढच्या आणि रथामागच्या अशी विभागणी असते, प्रत्येकीची आपली शिस्त असते. तुम्ही कोण, कशासाठी येताय, किती दिवस राहणार, फोटो कुठे छापून येतील, हे सगळं मोकळेपणाने सांगा. कुठे येणार हे नक्की नसेल तर नक्की नाही असंच सांगा. आणि जेवणाच्या पंगतीत बसायची तयारी ठेवा, निदान पहिल्या दिवशी कॅमेरा बॅगेत आणि हातात वाढायची बादली, यासारखी ओळख कुठलं प्रेस कार्ड करून देत नाही.

या भेटीत वेळापत्रक लिहून घ्या. बायका किती वाजता उठतात, चुली कुठे मांडतात, टँकर कधी येतो, पीठ कोण मळतं, भाकरी की चपाती, दुपारचा विसावा कुठे, ट्रक कधी सुटतो. हे तुमचं नेहमीचं रिपोर्टिंगच आहे, फरक इतकाच की हे नंतर लिहायला नाही तर त्या वेळी तिथे उभं राहायला लागतंय.

आता कॅमेरा

जुना चालेल. एखादी क्रॉप सेन्सर (म्हणजे लहान सेन्सरची, स्वस्तातली) बॉडी, साधारण 24 मेगापिक्सेल, आणि एक 35 एमएम एफ 1.8 लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो), सोबत किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी लेन्स असली तर उत्तम. 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000 बाय 4000 पिक्सेलचा असतो, छपाईला 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरले तर 20 इंच रुंद होतो, म्हणजे मासिकाची दोन पानं आडवी भरून उरतो. त्यामुळे त्याहून महागड्याची गरज नाही, उरलेले पैसे प्रवासाला ठेवा. मोबाईल पण चालतो, दिवसाउजेडी आणि वेबसाईटसाठी तर बिनधास्त, अडचण येते ती अंधारात आणि छपाईत.

सेकंडहँड घेताना शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत तो आकडा विचारा. लेन्समधून टॉर्च मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, घेऊ नका, कोकणातून आलेल्या लेन्सांमध्ये तर हमखास बघाच. मग एफ 16 ला आकाशाचा एक फोटो काढा, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते पण भाव पाडायला कामाला येते.

सेटिंगचं फार डोकं लावू नका, सुरुवातीला एवढं पुरे: चालणारी माणसं असतील तर शटरचा वेग 1/250 सेकंदाच्या वर (म्हणजे त्याहून जलद), पळता घोडा 1/1000 च्या वर, तंबूतलं रात्रीचं कीर्तन किंवा पहाटेची चूल असेल तर लेन्स पूर्ण उघडी, 1/60 ते 1/125, आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) 3200-6400 ला घाबरायचं नाही. दाणेदार फोटो छापला जातो, हललेला छापला जात नाही. फ्लॅश विसरा. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाईल) आणि जेपेग दोन्ही चालू ठेवा, रॉ ही तुमची निगेटिव्ह आहे आणि कुणी फोटोबद्दल शंका घेतली तर दाखवायला तीच लागते.

पावसाळ्यात काम म्हणजे कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या, आणि एसी गाडीतून उतरून लगेच लेन्सचं झाकण काढायचं नाही, काचेवर वाफ धरते, दहा-पंधरा मिनिटं बॅगेतच राहू द्यायचा. जेजुरीला भंडारा उधळला जात असताना लेन्स बदलणाऱ्याला देवच वाचवो, ती हळद सेन्सरवर गेली की निघता निघत नाही. तिथे एकच लेन्स, दिवसभर.

काय काय काढायचं

इथे लिहिणारे सगळ्यात जास्त अडखळतात. चांगला फोटो एक निघतो, मग त्याच जागेवरून त्याचेच चाळीस काढतात, आणि घरी येऊन बघतात तर स्टोरी नाही, एकच वाक्य चाळीस वेळा लिहिलंय.

म्हणून निघायच्या आधी वहीत लिहा. जागा कळेल असा एक लांबचा फोटो, म्हणजे मुक्कामाचं माळरान, तंबू, ट्रक, मागे गाव. मग मधल्या अंतराचा, माणसं आणि ती काय करतायत ते, चुलीभोवतीच्या बायका. मग अगदी जवळचे तुकडे, पीठ लागलेले हात, परातीचा ढीग, ट्रकवर रंगवलेला दिंडी नंबर. एका माणसाचं पोर्ट्रेट, त्याच्या नेहमीच्या जागेवर, भिंतीला टेकवून उभं करून नाही. दोन माणसांमधलं काहीतरी, कुणी ओरडतंय, कुणी हसतंय, कुणी कुणाच्या पायाला तेल लावतंय. आणि एक क्रम, म्हणजे रिकामं माळरान, तंबू, पंगत, पुन्हा रिकामं माळरान.

ही यादी म्हणजे किराण्याची चिठ्ठी, दुकानात काही वेगळं चांगलं दिसलं तर घ्यायचंच, पण मीठ विसरायचं नाही. आणि बहुतेक जण विसरतात ते लांबचा फोटो आणि हाताचे फोटो. एडिटरला पान लावताना नेमके तेच लागतात.

उजेडाचं बोलायचं तर सूर्य उगवल्यानंतरचा तास आणि मावळण्याआधीचा तास, हे सगळे सांगतात, खरंय ते. पण दुपारी बाराचा रखरखीत उजेडही बातमीचाच भाग आहे, लोणंद ते तरडगावच्या वाटेवर दुपारी माणसं झाडाखाली आडवी होतात तेव्हा तो उजेड तसाच दिसायला पाहिजे. सगळंच सोनेरी दिसलं तर ते टूरिझमचं ब्रोशर झालं. प्रवासी फोटोग्राफी आणि प्रवासी फोटोपत्रकारिता यातला फरक मला तरी इथेच दिसतो, जागा सुंदर दाखवायची की जागेवर काय चाललंय ते दाखवायचं.

आणि जवळ जा. झूम लावून लांबून काढलेला फोटो चोरल्यासारखा दिसतो, त्या माणसालाही आणि बघणाऱ्यालाही.

विचारणं, आणि कुठे काढायचेच नाहीत

वारीत "माऊली, फोटो काढू का?" एवढं पुरतं, बहुतेक जण मान हलवतात, पण मग पोझ देतात. चालेल, तो एक काढा, दाखवा, आभार माना आणि तिथेच बसून राहा. पाच-दहा मिनिटांत त्यांचं काम परत सुरू होतं आणि खरा फोटो तेव्हा मिळतो. नको म्हणाले तर नको, मागून गुपचूप काढायचा नाही. नदीवर अंघोळी चालू असताना कॅमेरा खाली, हे सांगायला लागू नये पण लागतं, दरवर्षी बघतोय. लहान मूल एकटं असेल तर आई-बापाला विचारा, संकटात सापडलेल्या मुलाची ओळख पटेल असं काही छापायला कायद्यानेच बंदी आहे. "असं करा, तसं बघा" म्हणून प्रसंग घडवून आणायचा नाही, पोर्ट्रेट सोडून.

परवानग्यांचं थोडक्यात. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांमध्ये हातातला कॅमेरा साधारण चालतो पण ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, अजिंठ्यात फ्लॅश बंद. रेल्वे स्टेशनात छापण्यासाठी काम करायचं असेल तर आधी रेल्वेच्या जनसंपर्क विभागाला पत्र द्या. लष्करी जागा, धरणं, विमानतळ, इथे उगाच हुशारी नको. अरुणाचल, नागालँड, मिझोरामला इनर लाइन परमिट लागतं, आणि अंदमानात जारवा लोकांचे फोटो काढणं हा सरळ गुन्हा आहे. ड्रोन उडवणार असाल तर 2021 चे ड्रोन नियम वाचा, डिजिटल स्काय या सरकारी साईटवर कुठे उडवता येतं आणि कुठे नाही ते हिरव्या-पिवळ्या-लाल झोनमध्ये दिसतं, आणि वारीसारख्या गर्दीवर परवानगीशिवाय उडवण्याचा विचारही करू नका.

कॅप्शन, तुमचं हुकमाचं पान

फोटोग्राफर मंडळी बहुतेक वेळा इथे आळस करतात आणि लिहिणारा इथेच पुढे जातो. "वारीतील एक क्षण" हे कॅप्शन नाही. "श्रद्धेचा महापूर" हे तर अजिबातच नाही. कॅप्शनमध्ये कोण, काय करतंय, कुठे, कधी, आणि मग एक वाक्य असं जे फोटोत दिसत नाही पण त्याशिवाय फोटो अर्धा राहतो.

म्हणजे असं: "लोणंदच्या मुक्कामी पहाटे चुलीवर भाकरी थापणारी अमुक, वय 58, तालुका पाथरी, जिल्हा परभणी. दिंडी निघायच्या आत स्वयंपाक उरकून भांडी ट्रकमध्ये चढवायची असतात, त्यानंतर तीही बाकीच्यांसोबत चालायला लागते." पहिलं वाक्य जे दिसतंय ते, दुसरं जे तुम्ही विचारून काढलंत ते. विशेषणं शून्य. अमुकच्या जागी खरं नाव, आणि ते तिच्याकडूनच लिहून किंवा रेकॉर्ड करून घेतलेलं, कारण आडनावाचा एक काना चुकला तरी गावात तुमची शोभा होते.

नाव फोटोशी जुळायला पाहिजे म्हणून एक सोपी युक्ती, माणसाचा फोटो काढला की लगेच वहीच्या त्या पानाचा पण एक फोटो काढायचा, कार्डवर दोन्ही शेजारी शेजारी बसतात. रात्री मुक्कामाला पोचलात की त्याच दिवशी कॅप्शन टाईप करा. दुसऱ्या दिवशी सगळे फेटे सारखे दिसायला लागतात. कॅप्शन फोटोच्या फाईलमध्येच भरता येतं, आयपीटीसी मेटाडेटा म्हणतात, लाइटरूममध्ये किंवा फुकटच्या डिजिकॅममध्ये होतं, तिथेच तुमचं नाव आणि कॉपीराइटही टाका. आणि कार्ड रिकामं करायच्या आधी दोन ठिकाणी कॉपी, एक लॅपटॉप, एक हार्ड डिस्क, आणि प्रवासात दोन्ही एकाच बॅगेत ठेवायच्या नाहीत.

निवड, आणि फोटोशॉप किती

शेकडो फोटोंतून दहा-बारा निवडायचे. आवडता फोटो स्टोरीत बसत नसेल तर काढून टाका, लेखातलं लाडकं वाक्य खोडताना जसा जीव तुटतो तसाच इथे तुटतो. एकच गोष्ट सांगणारे दोन फोटो असतील तर एक जातो. दुसऱ्या कुणाला तरी दाखवा, शक्यतो तिथे न गेलेल्या माणसाला, कारण तुम्हाला त्या फोटोमागचा वास, आवाज, त्रास सगळं आठवतंय आणि ते त्याला दिसत नाहीये.

उजेड-सावली कमीजास्त, रंग थोडा सरळ, कडेने क्रॉप, इथपर्यंत ठीक. आतली एक वायर सुद्धा पुसायची नाही. नॅशनल जिओग्राफिकने 1982 च्या फेब्रुवारीच्या कव्हरवर आडवा फोटो उभ्या पानात बसवायला गिझाचे पिरॅमिड सरकवले, त्याची चर्चा अजून होते. 2015 ला वर्ल्ड प्रेस फोटो या जागतिक फोटोपत्रकारिता स्पर्धेच्या शेवटाकडच्या फेरीतले साधारण 20 टक्के फोटो फेरफारासाठी बाद केले गेले. आणि 2016 ला स्टीव्ह मॅकरी या नावाजलेल्या अमेरिकन फोटोग्राफरच्या इटलीतल्या प्रदर्शनात क्युबाच्या एका फोटोत क्लोनिंगची (फोटोतलाच तुकडा दुसरीकडे चिकटवल्याची) खूण सापडली, मग त्याचे जुने फोटो लोकांनी तपासायला घेतले आणि शेवटी तो म्हणाला की मी फोटोपत्रकार नाही, दृश्यांतून गोष्ट सांगणारा आहे. त्याचं नाव एवढं मोठं म्हणून निभावलं, नव्या माणसाचं एका वायरीत काम संपतं.

कुणाला पाठवायचं, कधी

मराठीत दिवाळी अंक ही सोय दुसऱ्या भाषांना हेवा वाटावा अशी आहे. 1909 च्या मनोरंजनपासून चालत आलंय हे, आणि लांब लेख प्लस फोटो हा प्रकार तिथे जेवढा छापला जातो तेवढा एरवी नाही. त्याचं गणित असं की मजकूर साधारण ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत गोळा होतो, आषाढी येते जून-जुलैत, म्हणजे विचारणा मे महिन्यात गेली पाहिजे. रविवारच्या पुरवण्यांना मात्र आषाढीच्या आदल्या आठवड्यातच हवं असतं, नंतर कुणी विचारत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी वाटेतूनच पाठवायची तयारी ठेवा किंवा आदल्या वर्षी काढून ठेवा.

मेल छोटा. असा काहीसा:

"नमस्कार मॅडम, ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीतल्या एका दिंडीचा स्वयंपाक रोज कसा उभा राहतो आणि रोज कसा मोडला जातो यावर लेख आणि दहा फोटो करतोय. दिंडीप्रमुखांशी बोलणं झालंय, नीरा ते नातेपुते त्यांच्यासोबत असेन. मजकूर 1500 शब्द, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात देऊ शकतो. आधीच्या कामाची लिंक आणि तीन फोटो सोबत आहेत. मानधन आणि फोटोंचे हक्क याबद्दल कळवाल का?"

बास. "मला लहानपणापासून प्रवासाची आवड आहे" वगैरे नको. जुने तीन फोटो नसतील तर आधी आपल्याच गावच्या आठवडी बाजारावर एक पूर्ण स्टोरी करा, प्रवासखर्च शून्य आणि परत परत जाता येतं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवू नका, ते दाबले जातात आणि मेटाडेटा उडतो, पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून नाहीतर ड्राइव्हची लिंक. वर्ल्ड प्रेस फोटोला एंट्री फी नसते, त्यामुळे ज्या स्पर्धा भरमसाट फी घेऊन वर तुमच्या फोटोंचे हक्क पण मागतात त्यांचे नियम नीट वाचा.

पैसे

स्पष्ट सांगतो, मराठीत नुसत्या प्रवासी फोटोंवर घर चालवणं फार अवघड आहे. लेख, फोटो, मग त्याच सामानातून इंग्रजीत दुसरा लेख, कधी एखाद्या संस्थेचं डॉक्युमेंटेशनचं काम, असं जोडून जोडून होतं. "लेखासोबत फोटो द्या ना" याचा अर्थ बहुतेक ठिकाणी फोटो फुकट असा असतो, म्हणून फोटोचं मानधन वेगळं का हे आधीच विचारायचं, लाजायचं नाही, आणि नाही म्हणाले तर निदान फोटोखाली नाव आणि हक्क तुमच्याकडे.

हक्कांचं एवढं लक्षात ठेवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कुणी पैसे देऊन तुमच्याकडून खास फोटो काढून घेतले आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो. तुम्ही स्वतःच्या खर्चाने आधीच काढलेले फोटो मात्र तुमचेच, आणि ते कुणाच्या नावे करायचे तर लेखी सहीशिवाय होत नाही. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून असाइनमेंट घेताना मेलमध्ये एक ओळ, "एकदा छापण्याचा हक्क, बाकी हक्क माझ्याकडे", आणि त्यांचं "ओके" जपून ठेवा.

मानधनातून 10 टक्के टीडीएस कापला गेला असेल तर तो इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर दिसतोय ना बघा आणि रिटर्न भरा, परत मिळतो बऱ्याचदा. बिल अंक छापून आला त्याच आठवड्यात पाठवा, तीस दिवसांनी एक आठवण, मग फोन.

वारी झाली, पुढे काय

ठरलेल्या तिथीला ठरलेल्या जागी घडणाऱ्या गोष्टींनी महाराष्ट्र भरलाय, कालनिर्णय घेऊन बसा आणि यादी करा. रंगपंचमीला वाईजवळ बावधनचं बगाड, म्हणजे बैलांनी ओढायचा उंच लाकडी गाडा, तिथे त्यावर टांगलेल्या बगाड्याचे फोटो सगळे काढतात, पण ते लाकडी रहाट दुरुस्त करणाऱ्यांकडे आणि बैल तयार करणाऱ्यांकडे आठवडाभर आधी जा. होळीला सातपुड्यात काठी गावची राजवाडी होळी, रात्रभर नाचून पहाटे पेटते, म्हणजे वर सांगितलेलं आयएसओचं सगळं तिथे लागणार, आणि मोरपिसांचा टोप घातलेल्या माणसाच्या तोंडासमोर कॅमेरा नेण्याआधी त्याने किती दिवसांचं व्रत धरलंय ते विचारा. डिसेंबरच्या सुमारास दत्त जयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार, तिथे घोड्यांपेक्षा सौदे करणारे दलाल हा जास्त चांगला विषय आहे असं माझं मत. शहाद्याच्या लॉजवर खोली आधी सांगून ठेवा, यात्रेत मिळत नाही, आणि बोटं उघडी राहतील असे हातमोजे घ्या, पहाटे तिथल्या थंडीत शटरचं बटण दाबलंय की नाही ते कळत नाही.